माळ्यावरचं जेवण

आमच्या संस्थेच्या गोदामात लोखंडी रॅक बसवायचं ठरलं, आणि ते बसवणारा लायक ठेकेदार निवडायचं काम सभेनं एकमतानं माझ्यावर सोपवलं. एकमत झालं याचं कारण मी त्या वेळी चहा सांगायला बाहेर गेलो होतो. परत आलो तर सगळे माझ्याकडे कौतुकानं बघत होते. जव्हारच्या सहकारी क्षेत्रात मी बरीच वर्षं काढली आहेत, त्यामुळे माझ्याकडे कुणी कौतुकानं पाहिलं की मी आधी खुर्ची धरून बसतो.

ही दोन हजार तीन सालची गोष्ट. मी, सुदर्शन भोये, संस्थेचा गोदामपाल. पद ऐकायला भारदस्त वाटतं, प्रत्यक्षात किल्ली सांभाळणं आणि उंदरांशी वैर धरणं एवढंच काम. आमचं गोदाम बियाण्याचं. साखरशेत, जामसर अशा गावांतल्या बाया भात झोडून झालं की पुढच्या पेरणीचं बियाणं पोत्यात भरून आमच्याकडे ठेवायच्या आणि जूनमध्ये घेऊन जायच्या. घरी ठेवलं तर उंदीर खातात, आणि उंदरांच्या तावडीतून राहिलं तर पाहुणे खातात. म्हणून ही सोय.

ही सोय आदल्या उन्हाळ्यात बुडाली. म्हणजे खरोखरच बुडाली. मे महिन्यात जव्हारच्या नळांना पाणी येत नाही, म्हणून आमच्या शेजारच्या कचेरीत आशेपोटी नळ उघडा ठेवलेला असायचा. एका रविवारी पाणी आलं. सोमवारी मी गोदाम उघडलं तर जमिनीला टेकलेली सगळी पोती भिजलेली. मी पंचनाम्यासाठी वरिष्ठांची वाट बघितली. वरिष्ठ येईपर्यंत पोत्यांच्या शिवणीतून कोंब बाहेर आले. अख्ख्या तालुक्यात त्या दिवसांत हिरवं असं काही नव्हतं, ते आमच्या गोदामात होतं.

सगळ्यात खालचं पोतं माझ्या आत्याचं होतं. साखरशेतची बुधी आत्या. मी चौथीपासून दहावीपर्यंत तिच्या घरी राहून शिकलो. तिनं ते पोतं बघितलं, कोंब बोटानं चाचपले आणि म्हणाली, "सुदा, आमी भात पिकवतो त्याला चार महिने लागतात. तू चार दिसांत उगवलास." एवढंच. ती रागावली असती तर मला बरं वाटलं असतं. त्या वर्षी तिनं कुणाकुणाकडून बियाणं मागून आणलं आणि पेरलं.

आता जामसरच्या बायांनी निरोप पाठवला होता की साखरशेतची बुधी यंदा पोतं ठेवते का ते आमी बघू, मग ठरवू. आणि आत्या काही बोलत नव्हती. बाया आल्या नाहीत तर गोदाम बंद होणार हे चेअरमनसाहेबांनी मला दोनदा सांगितलं. पण खरं सांगायचं तर मला गोदामाची तेवढी फिकीर नव्हती. आत्याचं पोतं माझ्या दारात परत यायला हवं होतं. तेवढं झालं असतं तर मी गोदामातल्या उंदरांनासुद्धा माफ केलं असतं.

रॅक मंजूर झाले ते यासाठी. पोती जमिनीवर नको, वर हवीत. माल ठाण्याहून एका ट्रकमध्ये सुट्या भागांत आला. बसवण्याचं काम मात्र वेगळ्या मंजुरीत होतं आणि तिथे अट अशी होती की ठेकेदाराला आदिवासी भागात अशाच प्रकारचं काम केल्याचा अनुभव हवा. आमच्या भागात असं काम कधी झालेलंच नव्हतं, म्हणून तर ते करायचं होतं. मी हे ठाण्याच्या कचेरीत फोन करून विचारलं. पलीकडचे साहेब बराच वेळ कागद चाळत राहिले आणि मग म्हणाले, "भोये, तुम्ही अटीचा आत्मा लक्षात घ्या." मी आत्मा लक्षात घ्यायला लागलो.

ही निवड माझ्याकडे आल्याची बातमी घरी पोचली तेव्हा माझी बायको नीता हसली नाही. ती फक्त स्वयंपाकघरातल्या भिंतीकडे बघून हळूच पदर तोंडाला लावती झाली. त्या भिंतीवर पूर्वी मी स्वतः ठोकलेली फळी होती. दिवाळीत तिच्यावर चकल्यांचा डबा, लाडवांचा डबा आणि लोणच्याची बरणी ठेवली, आणि ती नेमकी माझे सासरे खाली जेवायला बसले असताना कोसळली. सासऱ्यांना विशेष लागलं नाही. पण तेव्हापासून आमच्या आळीत मला 'फळीवाले' म्हणतात. पोस्टमनसुद्धा म्हणतो.

"तुम्ही स्वतः काही ठोकू नका म्हणजे झालं," नीता म्हणाली.

"मी निवडणार आहे, ठोकणार नाही."

"फळीचा खिळासुद्धा तुम्हीच निवडला होतात."

शेजारी गौतमराव राहतात. ते प्रकल्प कार्यालयातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेत, आणि निवृत्त झाल्यापासून त्यांच्याकडे सल्ले साठलेत. ते संध्याकाळी ओट्यावर आले आणि म्हणाले, "सुदर्शनराव, माणूस कसा आहे हे बघू नका. कागद कसा आहे ते बघा. माणूस पळून जातो, कागद फायलीत राहतो." त्यांनी मला लायक ठेकेदाराची लक्षणं सांगितली. शिक्का गोल हवा, चौकोनी नको. पत्त्यात पिनकोड हवा. आणि बोलताना त्यानं एकदा तरी 'टेक्निकली' म्हणायला हवं.

अर्ज तीन आले. पहिला अर्जुनचा. त्याचं एसटी स्टँडाजवळ ग्रिलचं दुकान. त्यानं गोदाम पाहिलं, रॅकचे खांब वाजवून पाहिले आणि म्हणाला, "साहेब, हे सगळं मी वेल्डिंग मारून देतो. मग देव आला तरी सुटणार नाही." मी म्हटलं, हे सुटे भाग आहेत, उद्या जागा बदलायची झाली तर सोडता आले पाहिजेत. त्यावर तो दुखावला. त्यानं आयुष्यात कधी सुटणारी वस्तू केली नव्हती.

दुसरा सखा मांडववाला. हा चेअरमनसाहेबांचा मेहुणा. तालुक्याच्या मेळाव्याचं स्टेज यानंच उभं केलं होतं. ते स्टेज पडलं होतं हेही सगळ्यांना माहीत होतं, पण सखानं अनुभव म्हणून तेच लिहिलं होतं. "पाहुन्यांचं भाषन झाल्यावर पडलं," तो म्हणाला. "आमची बोली भाषनापुरतीच होती." यात मला चूक काढता येईना. मी चेअरमनसाहेबांना भीत भीत विचारलं तर ते म्हणाले, "त्याला देऊ नका, भोये. तो मला राखी पौर्णिमेला भेटतो तेवढा पुरे."

तिसरे नाशिकचे कुलथे. हे मोखाड्यावरून एसटीनं आले, हातात काळी बॅग, पायात बूट. बॅगेतून त्यांनी प्लास्टिकमध्ये घातलेले दाखले काढले. शिक्के गोल होते. पिनकोड होता. गोदामाच्या दारात उभे राहून त्यांनी वर पाहिलं, खाली पाहिलं आणि म्हणाले, "टेक्निकली, तुमच्या फ्लोअरला स्लोप आहे."

गौतमराव योगायोगानं तिथेच उभे होते. त्यांनी माझा दंड इतक्या जोरात दाबला की अजून हवा पावसाळी झाली की दुखतो. आदिवासी भागाचा अनुभवही कुलथ्यांकडे निघाला. त्यांनी कुठल्याशा आश्रमशाळेत दुमजली खाटा जोडल्या होत्या. अटीच्या आत्म्यात खाट बसते की नाही यावर ठाण्याचे साहेब पुन्हा बराच वेळ कागद चाळत राहिले आणि बसते म्हणाले.

काम सुरू होण्याच्या दिवशी लक्षात आलं की अंगणात ठेवलेले रॅकचे भाग कमी झालेत. मंजुरीच्या पत्रव्यवहारात पावसाळा गेला होता, आणि तेवढ्या काळात लोखंड नुसतं पडून राहिलेलं आमच्या लोकांना बघवत नाही. मी आणि कुलथे गावात शोधायला निघालो. दोन आडव्या पट्ट्या चहाच्या टपरीसमोर बाकाखाली सापडल्या, वर गिऱ्हाइकं बसलेली. एका खांबावर कुणाच्या परसात दुधीचा वेल चढला होता आणि त्याला चांगले दोन दुधी लागले होते. त्या घरच्या चंदाबाई म्हणाल्या, "दुधी उतरल्यावर न्या. आता हलवलं तर वेल मरल." मी दुधी उतरेपर्यंत थांबायला तयार झालो असतो, पण कुलथ्यांनी वेलाला बांबू लावून दिला. तेव्हा मला वाटलं, माणूस लायक आहे. शेवटची पट्टी माझ्याच घरी निघाली. नीता तिच्यावर गोधड्या वाळत घालत होती.

"मला काय माहीत ती सरकारी आहे," ती म्हणाली. "पण तुमच्या फळीपेक्षा मजबूत आहे हो."

यानंतर भारनियमन आडवं आलं. रॅकच्या प्रत्येक पायाखाली लोखंडी पाटा, आणि तो पाटा जमिनीत भोक पाडून बोल्टानं आवळायचा. भोक पाडायला मशीन, मशीनला वीज. वीज सकाळी जायची. दुपारी यायची तेव्हा कुलथ्यांची माणसं जेवायला गेलेली असायची. ती जेवून हात धुवून आली की वीज जायची. कुलथ्यांना संध्याकाळी नाशिकची शेवटची गाडी गाठायची असायची. दिवसभरात एखादं भोक पडायचं. मी रोज ते वाकून पाहायचो आणि वरिष्ठ माणसानं म्हणावं तसं 'हं' म्हणायचो.

मग एके दिवशी कामाला अचानक वेग आला. दोन दिवसांत सगळे रॅक उभे राहिले, तीन मजली, निळे. मी बॅटरी घेऊन सगळीकडे फिरलो. पुढच्या पायांचे बोल्ट हातानं हलवून पाहिले, हलले नाहीत. मागचे पाय भिंतीलगत होते, तिथे हात पोचेना, पण बॅटरीच्या उजेडात बोल्टांची डोकी व्यवस्थित चमकताना दिसली. गौतमरावांनी बाहेरूनच विचारलं, "आहेत ना?" मी म्हटलं, "आहेत." त्या रात्री मी खूप दिवसांनी नीताकडे ताठ मानेनं लोणचं मागितलं.

दुसऱ्या दिवशी मी साखरशेतला गेलो. भात झोडून झालं होतं, आत्या अंगणात सुपानं पाखडत होती. मी सांगितलं की आता पोतं जमिनीला लागणार नाही, लोखंडी रॅक आहेत, नाशिकचा ठेकेदार आहे, दाखले आहेत.

"म्हंजे माळा हाय," आत्या म्हणाली.

"माळाच म्हण."

"मग जेवाय कोन बसला?"

हे मी विसरलो होतो. आमच्या घराण्यात नवा माळा घातला की त्यावर लगेच धान्य चढवत नाहीत. ज्यानं सुतार ठरवला असेल त्यानं आधी माळ्यावर बसून पोटभर जेवायचं, सुतार खाली उभा. मगच पोतं वर. आमचे आजोबा असेच एकदा ताटासकट गोठ्यात उतरले होते. उरलेला भात त्यांनी बैलाशेजारी बसून संपवला आणि मग सुताराकडे पाहिलं म्हणतात. त्या सुतारानं माळा पुन्हा घातला, तो अजून आहे.

"आत्या, ते घरच्या माळ्याचं. हे सरकारी काम आहे. याला लोड टेस्ट असते."

"ती कोन करतो?"

"कागदावर असते."

आत्यानं सूप खाली ठेवलं. "मागल्या सालीबी कागद होता, सुदा. माझ्या पोत्यावर चिकटवला होतास. त्यालाबी कोंब फुटला असता अजून दोन दिस ठेवला असता तर." मग म्हणाली, "तू ठरवलास ना मानूस? मग तू बस. तू जेवलास का मी पोता आनतंय."

ताबा घेण्याचा दिवस ठरला होता, त्याच दिवशी आत्या आली. सोबत साखरशेतच्या बाया, डोक्यावर पोती. जामसरहून एकटी धाकली नावाची बाई आली होती, रिकाम्या हातानं, फक्त बघायला. चेअरमनसाहेब नारळ घेऊन आले होते. कुलथे पावती घेऊन आले होते. आत्यानं फडक्यातून नागलीची भाकर, भात आणि उडदाची डाळ सोडली, ताट वाढलं आणि म्हणाली, "चढ."

सर्वांसमोर तिसऱ्या मजल्यावर जेवायला बसणं माझ्या पदाला शोभणारं नव्हतं. चेअरमनसाहेब म्हणाले, "भोये, प्रथा आहे तर करून टाका," आणि स्वतः दोन पावलं मागे झाले. मी चप्पल काढली. शिडी लावली. फळीची आठवण झाली, सासऱ्यांची झाली. एक पाय वर ठेवला.

"भोयेसाहेब, एक मिनिट!" कुलथे म्हणाले.

मी थांबलो. कुलथ्यांचा चेहरा पांढरा पडला होता. "तुम्ही खरंच वर बसणार आहात?"

"हो."

"आणि जेवणार?"

"पोटभर," आत्या म्हणाली.

कुलथ्यांनी रुमालानं मान पुसली. "टेक्निकली," ते म्हणाले आणि थांबले. मग अगदी साध्या आवाजात म्हणाले, "मागच्या पायांना भोकं नाहीत. नुसती बोल्टांची डोकी कापून सिमेंटात बसवलीत. लाईट मिळेना हो. गाडी चुकत होती रोज. म्हटलं, पुढून धरलंय, मागे कोण बघतंय. पण वरून पुढे वजन आलं की मागचे पाय उचलणार."

सखा मांडववाला मागे उभा होता, त्याच्या चेहऱ्यावर मात्र उजेड पडला. मी शिडीवर एक पाय ठेवून तसाच उभा होतो. मला कुलथ्यांचा राग यायला हवा होता. पण मनात आलं ते असं, की यांनी पोत्यांसाठी तोंड उघडलं नव्हतं, माझ्यासाठी उघडलं.

"मग पाडा भोकं," आत्या म्हणाली.

"लाईट नाही, आई."

"येल का नाय?"

"येईल दुपारी."

"मग बसू," आत्या म्हणाली आणि बसली. बाया बसल्या. चेअरमनसाहेब नारळाकडे बघत उभे राहिले आणि मग तेही पोत्यावर बसले. ताट मधोमध झाकून ठेवलेलं. गौतमरावांनी वेळ जावा म्हणून गोल शिक्क्यांविषयी बोलायला सुरुवात केली, पण कुणी ऐकलं नाही म्हणून तेही थांबले. बाया लग्नाकार्याचं बोलू लागल्या. कुलथे बाहेर खांबावरच्या तारेकडे बघत उभे होते. मी आयुष्यात विजेची वाट पुष्कळ पाहिली आहे, पण इतक्या माणसांनी इतक्या शांतपणे पाहिलेली पहिल्यांदाच.

वीज आली तेव्हा कुलथ्यांची माणसं जेवायला निघाली होती. आत्यानं त्यांच्याकडे नुसतं पाहिलं, तशी ती परत फिरली. एकेका रॅकचे पुढचे बोल्ट सोडून, तो पुढे ओढून कुलथ्यांनी स्वतः गुडघ्यावर बसून भोकं पाडली. कोट काढला होता, बूटही काढले होते. सिमेंटच्या धुळीनं त्यांच्या भुवया पिकल्या. प्रत्येक बोल्ट आवळल्यावर ते खांबाला धरून पूर्ण अंगानं ओढायचे आणि मान हलवायचे. गौतमराव त्यांच्यामागे वाकून वाकून बघत होते. कागदाशिवाय दुसरं काही इतक्या जवळून बघताना मी त्यांना प्रथमच पाहिलं.

मग मी चढलो. तिसऱ्या मजल्यावर मांडी घालून बसलो. डोक्याला पत्रा लागत होता. आत्यानं ताट वर दिलं आणि कुलथ्यांकडे वळली. "तूबी चढ. एकला मानूस जेवतो का?"

कुलथे खाली वाकले, मागचे दोन बोल्ट पुन्हा तपासले आणि चढले. आम्ही एका ताटात जेवलो. भात थंड झाला होता, डाळीवर साय धरली होती. रॅक हलला नाही, कुरकुरलाही नाही. कुलथ्यांनी दोन भाकरी खाल्ल्या, खाता खाता मधेच थांबून म्हणाले, "साहेब, एवढ्या वर्षांत मी लावलेल्या रॅकवर मी कधी बसलो नव्हतो." मी म्हटलं, "बसा आता सावकाश."

ताट रिकामं झालं. आत्यानं आपलं पोतं उचललं, दोघी बायांनी हात लावला आणि ते दुसऱ्या मजल्यावर माझ्या पायांखाली बरोबर जागेवर बसलं. तिनं ते बोटानं चाचपलं, मागल्या वर्षी कोंब चाचपले होते तसंच. मी खालून पाण्याचा तांब्या मागितला. भाकरी कोरडी होती असं मी कुलथ्यांना सांगितलं.

मग साखरशेतच्या बाकीच्या बाया पुढे सरल्या. पोती वर जायला लागली. शिडी त्यांना हवी म्हणून त्यांनी ती तिकडे ओढून नेली. कुलथे कसेबसे खांबाला धरून उतरले, त्यांची गाडी होती. मी अंगानं जड, मला ते जमेना. नारळ फुटला, पेढे वाटले गेले, माझा पेढा खालून वर फेकला गेला आणि मी तो झेलला. दारात नीता आली होती. माझ्याकडे बघून ती हसली, पण या वेळी पदर तोंडाला लावला नाही.

धाकली कोपऱ्यात उभी राहून सगळं बघत होती. ती आत्याजवळ आली, तिच्या कानाशी काहीतरी बोलली, माझ्याकडे बोट दाखवलं आणि लगबगीनं निघून गेली.

दुपार कलली. पोती लागली. बाया पदरानं वारा घेत बसल्या. मला वर उकडत होतं आणि पायाला मुंग्या आल्या होत्या.

"आत्या, शिडी दे ना," मी म्हटलं. "आता उतरतो."

आत्यानं शिडीवर हात ठेवला आणि वर पाहिलं.

"बस अजून वाईच," ती म्हणाली. "जामसरच्या बाया यायच्यात."